कुत्रं माणसाला फिरवतं

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात कॅरन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ शेअर दलाल गोळा केले. सगळे एकटे राहणारे, सगळ्यांचा रक्तदाब चढलेला, आणि धंदा असा की तो उतरायला दिवसभरात फुरसत नाही. सगळ्यांना लिसिनोप्रिल ही रक्तदाबाची गोळी सुरू झाली. त्यातल्या निम्म्यांना मात्र, चिठ्ठ्या टाकून निवडावं तसं निवडून, गोळीच्या जोडीला घरी एक कुत्रं किंवा मांजर आणायला सांगितलं. सहा महिन्यांनी मोजमाप झालं. निवांत बसलेलं असताना दोन्ही गटांचा रक्तदाब सारखाच आटोक्यात होता. ते काम गोळीने केलं होतं. मग त्यांना तोंडी वजाबाक्या करायला लावल्या, आयत्या वेळी भाषण करायला लावलं. घरात प्राणी नसलेल्यांचा दाब उसळला. प्राणी असलेल्यांचाही चढला, पण बराच कमी.

हा अभ्यास २००१ साली ‘हायपरटेन्शन’ या नियतकालिकात आला. पाळीव प्राण्यांच्या फायद्यांवर लिहिताना तो मला सगळ्यांत आधी आठवतो, कारण त्यात प्राणी कुणाला मिळणार हे संशोधकांनी ठरवलं होतं. बाकीचे बहुतेक अभ्यास उलट्या बाजूने सुरू होतात: ज्यांच्याकडे आधीच कुत्रं आहे त्यांची तब्येत तपासायची. त्यात एक मोठी मेख आहे. कुत्रं पाळणाऱ्याकडे बहुधा जागा असते, पैसा असतो, चालायला धड पाय असतात. मग तब्येत कुत्र्यामुळे चांगली, की तब्येत आणि ऐपत चांगली म्हणून कुत्रं? अमेरिकेतल्या रँड संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती तपासली. प्राणी असलेल्या घरांतली मुलं अधिक निरोगी दिसली खरी, पण घरचं उत्पन्न वगैरे गोष्टी हिशेबात घेतल्यावर तो फरक जवळजवळ विरून गेला. तेव्हा ‘कुत्रं पाळा, आयुष्य वाढवा’ असा फॉरवर्ड आला तर तो पुढे ढकलण्याआधी जरा थांबावं.

तरीही सगळंच विरून जात नाही. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक एरिका फ्रीडमन यांनी हृदयविकाराच्या विभागातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. आकडे लहान आहेत, पण त्यांनी पुढच्या संशोधकांची झोप उडवली. १९९५ मध्ये फ्रीडमन यांनीच ३६९ रुग्णांवर पुन्हा काम केलं, तेव्हा कुत्र्यांचा फायदा दिसला, मांजरांचा नाही. मग २०१७ मध्ये स्वीडन पुढे आला. तिथे २००१ पासून कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे आणि दवाखान्याच्या नोंदीही नीट ठेवलेल्या असतात. दोन्ही जुळवून ४० ते ८० वयाच्या ३४ लाख लोकांची बारा वर्षांची माहिती तपासली गेली. एकटं राहणाऱ्यांमध्ये कुत्रं असलेल्यांचा मृत्यूचा धोका कुत्रं नसलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. माणसांनी भरलेल्या घरात फरक एवढा मोठा नव्हता.

या ‘एकटं राहणाऱ्यांमध्ये’वर मी अडतो. कोथरूड, डोंबिवली, नाशिकच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा. तीन खोल्यांत एक किंवा दोन माणसं, मुलगा न्यूजर्सीत, मुलगी बंगळुरूला. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, बाकी सहा दिवस टीव्ही. खायला-प्यायला कमी नाही, औषधांचा डबा वारांनुसार भरलेला. कमी एवढंच की दिवसभरात कुणाचं काही आपल्यावाचून अडत नाही.

कुत्र्याचं अडतं. माझ्या मते त्याचा औषधी गुण बराचसा इथेच आहे. लळा लागतो, मन रमतं, हे खरंच. पण लळा लागला नाही तरी कुत्र्याला सकाळी बाहेर न्यावंच लागतं. मॉर्निंग वॉकचा संकल्प पहिल्या पावसात बारगळतो. कुत्र्याला मात्र ‘आज राहू दे’ कळत नाही. साडेपाचला ते पलंगाशी येऊन नुसतं बघत उभं राहतं. मग फरशीवर नखांची टकटक सुरू होते, दारापर्यंत आणि परत. त्यानेही भागलं नाही की पांघरुणाबाहेर आलेल्या हाताला गार, ओलं नाक लागतं. पुढच्या पाच मिनिटांत माणूस रेनकोट चढवून, खिशात जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे कोंबून जिना उतरत असतो. (तुकडे खिशात असतातच असं नाही, आणि सोसायटीतली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.)

आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ३८५ घरांचा अभ्यास केला, तेव्हा कुत्रं पाळणाऱ्यांनी हे प्रमाण गाठण्याची शक्यता इतरांच्या चौपट दिसली.

दुसरी गोष्ट घडते ती फाटकाबाहेर. कुत्रं घेऊन निघालेल्या माणसाशी लोक बोलतात. ‘चावतो का हो?’ हा पहिला प्रश्न, ‘नाव काय?’ हा दुसरा, आणि नाव विचारलेलं असतं ते कुत्र्याचं. आमच्या भागात एक निवृत्त गृहस्थ आहेत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते म्हणतात. वीस वर्षं ते इथे राहत होते आणि कुणाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. अजूनही नाही, पण आता ते ‘मोतीचे आजोबा’ आहेत. दूधवाला, शाळेच्या रिक्षातली पोरं, इस्त्रीवाला, सगळे त्यांना हाक मारतात. दोन दिवस मोती दिसला नाही तर कुणीतरी वर जाऊन बेल वाजवतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ आणि अमेरिकेतल्या तीन शहरांत झालेल्या पाहणीतही असंच दिसलं होतं: प्राणी पाळणाऱ्यांच्या शेजारच्या ओळखी अधिक होत्या.

शरीराच्या आतही काही घडतं. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं की कुत्रं आणि त्याचा मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं हेच संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसं आढळलं नाही. नुसत्या स्पर्शाचाही गुण येतो: वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळल्यावर कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक उतरलेलं दिसलं. हे सगळं मोजण्याची साधनं नव्हती तेव्हा, १८६० च्या आसपास, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की दीर्घ आजाऱ्याला एखादा छोटा पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो. त्यांनी स्वतः एक घुबड पाळलं होतं. आपल्याकडे ते जमायचं नाही. लक्ष्मीचं वाहन असलं तरी ते दारावर बसलेलं कुणाला खपत नाही.

मग आणायचं कोणतं? इथे माझं मत ठाम आहे: विकत घेऊ नका, दत्तक घ्या, आणि वय साठीपुढे असेल तर पिल्लू नको, मोठं झालेलं कुत्रं घ्या. दत्तक शिबिरात एकदा तासभर बसा. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या टॉवेलवर पाच-सहा पिल्लं असतात आणि सगळी गर्दी त्या खोक्याभोवती. टेबलाखाली चार वर्षांची तपकिरी गावठी कुत्री पंजांवर हनुवटी टेकून बसलेली असते. तिच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. तिचा स्वभाव समोर दिसतो आहे. ती आणखी वाढणार नाही, चपला कुरतडायचं वय मागे पडलं आहे, घर घाण करायचं नाही हे ती थोड्या दिवसांत शिकेल. कुत्रं साधारण दहा ते पंधरा वर्षं जगतं. सत्तरीत आणलेलं पिल्लू आपल्या पंच्याऐंशीतही असू शकतं, हा हिशेब खोक्याशेजारी उभं असताना कुणाला सुचत नाही.

जातिवंत कुत्र्यांच्या वेडाबद्दल काय बोलावं? २००३ मध्ये हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे फिरला आणि घरोघरी पग आले. ते चेपलेलं नाक जन्मभर श्वासाला अडथळा करतं, हे जाहिरातीत नव्हतं. आता पुण्याच्या मे महिन्यात हस्की दिसतात, एसीच्या झोतापुढे आडवे झालेले. गावठी कुत्रं या हवेतच घडलेलं आहे. रतन टाटांच्या आवडत्या कुत्र्याचं नाव ‘गोवा’ होतं. तो गोव्याच्या रस्त्यावरचाच. २०१८ मध्ये टाटा समूहाच्या मुख्यालयाची, बॉम्बे हाऊसची, डागडुजी झाली तेव्हा त्या इमारतीत भटक्या कुत्र्यांसाठी वेगळी जागाच ठेवली गेली.

सोसायटीचं काय, हा प्रश्न येणारच. घरात प्राणी पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही, असं भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. दत्तगुरूंच्या तसबिरीत चार कुत्री चालतात, जिन्यात एक चालत नाही, असा आपला कारभार. मात्र परवाना, लस आणि साफसफाई ही पाळणाऱ्याची बाजू आहे आणि ती चोख हवी. भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला जो आदेश दिला, त्यात प्राणिप्रेमींना रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायची वाट ठेवली होती, पण एकदा घेतलं की ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, या अटीवर.

धोकेही सांगायला हवेत. रेबीजची लस दरवर्षी. दात किंवा ओरखडा लागला तर हळद-चुना न लावता साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि दवाखाना गाठायचा, कुत्रं घरचं असलं तरी. पट्ट्याला हिसका बसून पडण्याचाही धोका असतो: अमेरिकेत कुत्रं फिरवताना हाड मोडलेल्या, ६५ वर्षांवरच्या माणसांची संख्या २००४ ते २०१७ मध्ये दुपटीहून जास्त वाढली. सांधे दुखत असतील, चालणं होत नसेल, तर मांजर बघा. ॲलन यांच्या प्रयोगात मांजरंही होतीच. घरात गरोदर बाई असेल तर मांजराच्या मातीचं पात्र दुसऱ्या कुणी रोजच्या रोज साफ करावं; टोक्सोप्लाझ्माचे जंतू विष्ठेत पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस घेतात, तोवर पात्र रिकामं झालेलं बरं.

आणि खाणं. मायेपोटी आपण जे पुढे करतो त्यातलं बरंच कुत्र्या-मांजरांना चालत नाही. कांदा त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे मटणाचा उरलेला रस्सा नको. बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, तेव्हा सत्यनारायणाचा शिराही नको. चॉकलेट तर नकोच. दूधपोळीवर पिढ्या वाढल्या हे खरं, पण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना आणि मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडतं.

एक दुःख ठरलेलं असतं. कुत्रं आपल्याआधी जातं. माणूस गेला की दहावं-तेरावं असतं, लोक भेटायला येतात, पिठलं-भात पाठवतात. कुत्रं गेलं की चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, ‘नुसतं कुत्रंच होतं ना, दुसरं आणा.’ ज्या शोकाला समाज शोक मानत नाही, त्याबद्दल शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ पासून लिहिलं आहे, आणि पाळीव प्राण्याचं जाणं त्यात चपखल बसतं. अशा घरी जाऊन बसावं, प्राण्याचं नाव घेऊन बोलावं.

राहता राहिला प्रश्न बाळंतपणाचा. मुलीच्या बाळंतपणाला आई-वडील सहा महिने अमेरिकेला जातात आणि शिबिरातून आणलेलं कुत्रं शिबिरात परत येतं. असं एकदा सोडलेल्या कुत्र्याला दुसऱ्या घरी रुळायला वेळ लागतो. आठवडाभर ते दाराकडे तोंड करून बसतं, खात नाही. म्हणून चांगल्या संस्था दत्तक देताना घर बघायला येतात, घरातल्या सगळ्यांशी बोलतात, करारनामा लिहून घेतात. लोकांना हा जाच वाटतो. त्या फॉर्मवर तुमच्या गैरहजेरीत प्राण्याला सांभाळणाऱ्या माणसाचं नाव विचारलं असेल तर तिथे लेकाचं न्यूजर्सीतलं नाव घालू नका. खालच्या मजल्यावरच्या कुणाला तरी आधी विचारून या, आणि ‘हो’ म्हणाले तर जाण्याआधी पंधरा दिवस कुत्र्याला रोज थोडा वेळ त्यांच्या घरी नेऊन बसवा. तसं कुणी सापडत नसेल, तर संस्थांना फॉस्टर घरं नेहमीच हवी असतात. पिल्लाची लस पूर्ण होईपर्यंत किंवा नसबंदीचे टाके सुकेपर्यंत महिना-दोन महिने सांभाळायचं. तेवढ्या काळात साडेपाचला उठणं जमतं की नाही, तेही कळतं.