भट्टीत न गेलेली बाटली

संध्याकाळचे साडेसात वाजले होते. प्लेटमध्ये ग्रीस रिएजंट घालून मी घड्याळाकडे बघत उभी होते. दहा मिनिटांत रंग येतो: पेशी चिडलेल्या असतील तिथे गुलाबी, शांत असतील तिथे पाण्यासारखा. त्या दिवशी पहिली रांगच गुलाबी झाली. ती कंट्रोलची रांग होती. तिथल्या पेशींना मी काहीच दिलं नव्हतं.

या पेशी म्हणजे मायक्रोग्लिया, मेंदूतले पहारेकरी. जंतू शिरला की त्या नायट्रिक ऑक्साइड आणि दाह वाढवणारी इतर रसायनं सोडतात. तेवढ्यापुरतं ते लागतंच. पण पहारेकरी चिडलेलेच राहिले तर शेजारच्या न्यूरॉनना झळ बसते. अल्झायमर, पार्किन्सनमध्ये हा रेंगाळलेला दाह दिसतो. वनस्पतींतली फ्लेव्होनॉइड्स तो शमवतात का, हे आम्ही बघत होतो. ई. कोलाय जिवाणूच्या आवरणातलं द्रव्य, लॅबच्या भाषेत एलपीएस, देऊन पेशींना मुद्दाम चिडवायचं आणि सोबत कांद्यात असतं ते क्वेरसेटिन द्यायचं. न चिडवताच पेशी चिडल्या तर सगळंच मुसळ केरात.

मीडिया बदलला, सीरम बदललं, पेशींची नवी कुपी काढली. तीन आठवडे गेले. शेवटी काचसामान धुणारे मामा दारात येऊन म्हणाले, "ताई, मी गावी गेलो होतो ना, तेव्हाच्या बाटल्या ऑटोक्लेव्ह झाल्या, पण भट्टीत गेल्याच नाहीत." ऑटोक्लेव्हच्या वाफेनं जिवाणू मरतात, एलपीएस मात्र काचेला धरून राहतं. ते नष्ट करायला 250 अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता लागते. त्या बाटल्यांत ठेवलेलं आमचं साधं बफरच पेशींना डिवचत होतं! मामांचं नाव कुठल्याही शोधनिबंधात येत नाही. हे मला आजही खटकतं.

दुसरा किस्सा आधी आनंदाचा वाटला. क्वेरसेटिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात. पिवळंधमक द्रावण होतं. सर्वांत मोठ्या मात्रेला गुलाबी रंग साफ उतरला. मी प्लेट घेऊन धावत मॅडमकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "पेशी जिवंत आहेत का गं?" ट्रिपॅन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. निम्म्याहून जास्त पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या. मेलेली पेशी कशाला चिडेल? लहान मात्रेला पेशी जगल्या होत्या आणि रंग जेमतेम उतरला होता. वहीत मी तो जेमतेम आकडाच ठेवला.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रॉडनी जॉन्सन यांच्या गटानं 2010 मध्ये प्रसिद्ध केलेलं काम मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. त्यांचं द्रव्य ल्युटिओलिन, सेलरी आणि ढोबळी मिरचीत असणारं. चिडवलेल्या मायक्रोग्लियाचा द्रव घातला की न्यूरॉन मरत. मायक्रोग्लियाला आधी ल्युटिओलिन दिलं की तेच न्यूरॉन वाचत. इथे थांबता आलं असतं. पण त्यांनी ल्युटिओलिन थेट न्यूरॉनना देऊन मग तो द्रव घालूनही पाहिलं, आणि न्यूरॉन मेलेच. म्हणजे द्रव्यानं पहारेकऱ्यांचा हात आवरला होता. दोन वर्षांच्या म्हाताऱ्या उंदरांना ते चार आठवडे अन्नातून दिलं, तेव्हा मेंदूतला दाह उतरला आणि स्मरणाच्या परीक्षेत उंदीर सुधारले.

"मग रोज किती कांदे खायचे?" हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेकदा नावं विसरू लागलेली आई असते. गिळलेल्या फ्लेव्होनॉइडचं रूप आतड्यात आणि यकृतात बदलतं, मेंदूपर्यंत फारच थोडं पोचतं. प्लेटमधल्या मात्रेवरून ताटातला हिशेब निघत नाही. हे सांगताना जीव जड होतो, तरी सांगते.

मामा निवृत्त झाले. भट्टीतून निघालेल्या बाटलीच्या फॉइलवर काळ्या मार्करनं तारीख आणि '250' लिहायची त्यांनी सुरू केलेली पद्धत मात्र चालू आहे. ती खूण नसलेली बाटली मी हूडमध्ये नेत नाही.