बुलढाण्यातून दिल्ली विद्यापीठात प्रवेश मिळेल का? अंदाज असा बांधा

बारावीला ८५ टक्के पडले तर दिल्ली विद्यापीठात नंबर लागेल का? चिखली-मेहकरच्या विद्यार्थ्यांसाठी याचं उत्तर टक्क्यांत नाही. २०२२ पासून इथे पदवीचे नियमित प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. फक्त विषय बारावीतलेच निवडा.

अंदाज कसा बांधायचा?

प्रत्येक फेरीनंतर विद्यापीठ कॉलेज, कोर्स आणि प्रवर्गानुसार किमान गुण जाहीर करतं. मागच्या वर्षीचा तक्ता काढा आणि त्यात आपल्याच प्रवर्गाचा रकाना बघा. पहिल्या फेरीसोबत शेवटच्या फेरीचे आकडेही तपासा. पसंतीक्रमात आवडीची कॉलेजं वर ठेवा, पण आपल्या गुणांत बसणारीही भरपूर टाका.

आपला प्रवर्ग कोणता?

खरी गडबड इथे होते. महाराष्ट्रात २०२४ पासून मराठा समाजाला असलेलं १० टक्के एसईबीसी आरक्षण केंद्रीय विद्यापीठात चालत नाही. तिथे ईडब्ल्यूएसचा पर्याय आहे, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. शेती ५ एकर किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर लागतं. व्हीजेएनटी हा प्रवर्ग केंद्रात नाही. जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते पाहा.

म्हणून फॉर्म भरण्याआधी सातबारा आणि दाखले तपासा. प्रवर्ग चुकला, तर अंदाजही चुकतो.