सहा किलोमीटरच्या चौकटीतली वसई

हवामानाचे संगणकीय प्रतिमान, म्हणजे वातावरणाच्या हालचालींची समीकरणे सोडवणारी प्रणाली, भूपृष्ठावर चौकटींची जाळी कल्पून प्रत्येक चौकटीतील तापमान, वारा व आर्द्रता गणून काढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने या चौकटीची बाजू १२ वरून ६ किलोमीटरवर आणली, ही मोठीच मजल होय; या प्रणालीची आकडेमोड संस्थेच्या ‘अर्का’ या महासंगणकाच्या बळावर चालते. तरीही पश्चिमेचा समुद्र व पूर्वेचे तुंगारेश्वराचे डोंगर यांच्या मधल्या सखल पट्ट्यातील, वसईची एव्हरशाईन सिटी ही वसाहत एकाच चौकटीत मावण्याइतकी लहान असल्याने, तिथल्या रस्त्यांवर पाणी किती तुंबेल हे सांगण्यासाठी भरती-ओहोटी, जमिनीचा उतार व नाल्यांची क्षमता जमेस धरणारे स्वतंत्र पूरप्रतिमानच लागते.