वाशिम : उंबऱ्यापर्यंत आलेलं आरोग्य

वाशिम शहरात पद्मतीर्थ आहे. वासुकी नावाच्या राजाला कुष्ठरोग जडला होता, गावाबाहेरच्या एका डबक्यात त्याने अंग बुडवलं आणि तो बरा झाला, अशी इथली आख्यायिका. पुढे ते डबकं खोदून मोठं केलं गेलं, त्याचा तलाव झाला आणि लांबलांबचे रोगी तिथे आंघोळीला येऊ लागले. बहुतेक जुन्या गावांच्या जन्मकथेत लढाई असते, नाहीतर जमिनीत सापडलेलं धन असतं. वाशिमच्या कथेत एक आजारी माणूस बरा होतो. मला ही कथा फार आवडली. तलावाकडे पाहून मात्र वाईट वाटलं. ज्या पाण्याच्या नावावर आरोग्याची गोष्ट सांगितली जाते, ते पाणी तरी निर्मळ राखायला हवं.

वाशिमचा बाकीचा इतिहास थोडक्यात असा. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. शहरात बालाजीचं मंदिर, जिल्ह्यात कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ हे जैन तीर्थ. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास, आणि शंभरातली ऐंशीहून अधिक माणसं खेड्यात राहणारी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादच्या जोडीला वाशिमचं नाव आलं. त्या मोजमापात आरोग्य आणि पोषण यांना शंभरात तीस गुण आहेत. तेव्हापासून वाशिमचा उल्लेख झाला की ‘मागास’ हा शब्द पाठोपाठ येतो. मला या जिल्ह्यात जे पाहायला मिळालं, ते या शब्दात मावत नाही.

ते पाहायला मंगरूळपीर आणि मानोरा मागे टाकून दिग्रसच्या बाजूला जावं लागतं. दोन्ही अंगांना सोयाबीन, मधूनमधून तुरीच्या ओळी, आणि मग पोहरादेवी. बंजारा समाजाची ही काशी. जगदंबेचं मंदिर, संत सेवालाल महाराजांची समाधी, आणि आता नगाऱ्याच्या आकाराचं भव्य वस्तुसंग्रहालय. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. रामनवमीला इथे देशभरातून तांडेच्या तांडे लोटतात. आलेला पाहुणा दर्शन घेतो, संग्रहालय पाहतो आणि परततो. मला जायचं होतं त्याच्या पलीकडच्या एका लहानशा तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीवर. तिथे त्या दिवशी ग्राम आरोग्य व पोषण दिवस होता.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत हा दिवस भरतो. उपकेंद्राच्या सिस्टर लसींची शीतपेटी घेऊन येतात. अंगणवाडीताई वजनकाटा टांगते. गरोदर बायांचा बीपी, रक्तातलं हिमोग्लोबिन, पोटाची तपासणी, रक्तवाढीच्या गोळ्या, लेकरांचे डोस, सगळं एका खोलीत आणि एका ओसरीत. मुलांच्या दंडाला रंगीत पट्टी लावून घेर मोजतात. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत भरला तर पट्टी लाल भाग दाखवते आणि ते मूल तीव्र कुपोषित समजलं जातं. अशा मुलांसाठी अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र चालवतात. दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाऊ घालतात, वजनाची नोंद ठेवतात. फारच खालावलेलं मूल असेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात.

ही सगळी गर्दी जमवली होती तांड्याच्या आशाताईने, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकेने. सकाळीच घराघरांत हाक मारून आली होती. एक सासू सुनेला पाठवायला तयार नव्हती. ताई तिच्या चुलीपाशी जाऊन बसली, ‘याडी’ (आई) म्हणून तिच्याशी गोरमाटी बोलीत बोलू लागली आणि घटकाभराने दोघींना सोबत घेऊन आली. बाहेरून आलेल्या कुणाही डॉक्टरला हे जमलं नसतं. आशा त्याच गावची हवी, हा नियम किती शहाणपणाचा आहे ते तिथे पाहून कळतं.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असं ठरलं. पण या विचाराची मुळं महाराष्ट्राच्याच मातीत आहेत. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम उभं केलं. शाळेची पायरीही न चढलेल्या बाया तिथे आरोग्यसेविका झाल्या. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे आलं. आज देशभरातली आशा बाळंतिणीच्या घरी ज्या फेऱ्या मारते, त्या त्याच अनुभवातून आल्या आहेत.

या तांड्यावरच्या ताईची पिशवी मी उघडून पाहिली. झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, सेकंद दाखवणारं घड्याळ, बाळाला गुंडाळायचं उबदार कापड, ओआरएसची पाकिटं, गोळ्या आणि कोपरे झिजलेली एक वही. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती त्या घरी जाते. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसापासून. आधी हात धुते. मग बाळाचं वजन, अंगाचा ताप, बेंबी, दूध ओढण्याची ताकद. बाळाचा श्वास ती पूर्ण एक मिनिट मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरला की रुग्णवाहिकेसाठी १०२ नाहीतर १०८ ला फोन.

“आधी मले भेव वाटे,” ती म्हणाली. “एवढुसं लेकरू, हातात घ्यावं की नाही. आता श्वास मोजताना आजूबाजूचं काही ऐकूच येत नाही.”

वहीत एक नोंद होती. एक किलो आठशे ग्रॅमचं बाळ, गेल्या थंडीतलं. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून वरून कापड गुंडाळायचं, हे तिने त्या आईला शिकवलं आणि घरच्या सगळ्यांना बजावलं की सव्वा महिना या बाळाला आंघोळ नको, नुसतं पुसून घ्या. तांड्यातली जुनी दायी तेव्हा तिच्या बाजूने उभी राहिली. या आजीने तांड्यातली अर्धी माणसं जन्माला घातली आहेत. सरकारी प्रशिक्षणात मिळालेली तिची पेटी अजून फळीवर आहे. “पोरीचं ऐका,” एवढंच ती म्हणाली आणि घर ऐकू लागलं. ते बाळ त्या दिवशी अंगणवाडीच्या ओसरीत भिंतीला धरून उभं राहत होतं.

जुन्या जाणत्यांचा असा आधार इथे पावलोपावली लागतो. सेवालाल महाराजांनी दारूपासून दूर राहायला सांगितलं आणि पुढे पाणीही विकत घ्यावं लागेल असं बजावलं, हे तांड्यातलं लहान मूलही सांगतं. १५ फेब्रुवारीला जयंतीसाठी सगळे जमतात, तेव्हा तांड्याच्या नायक-कारभाऱ्यांच्या बैठकीत ताई हाच धागा पकडते आणि दारूवर, हातपंपाभोवतीच्या घाणीवर बोलते. सरकारी फलकापेक्षा महाराजांचा शब्द इथे खोल जातो.

स्वच्छतेसाठीची धडपडही या जिल्ह्यात दिसते. सायखेडा गावच्या एका माउलीने २०१५ मध्ये मंगळसूत्र विकून घरी शौचालय बांधलं, तेव्हा राज्याच्या ग्रामविकासमंत्र्यांनी तिचा सन्मान केला होता. गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिला वर्षाकाठी दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी मिळतो. रक्कम लहान, पण समिती जागी असेल तर त्यातून वजनकाटा येतो, नालीवर झाकण पडतं. बचत गटाच्या बायांनी ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या मोहिमेत घरामागे पोषण परसबागा केल्या. या तांड्यावर सांडपाण्यावर वाढलेली चवळी, अंबाडी, शेवगा आणि पपई मी पाहिली. पावसाळ्यात तरोट्याची भाजी फुकट मिळते, ती पोरीबाळींच्या ताटात पडलीच पाहिजे, असा अंगणवाडीताईचा आग्रह असतो.

दुपारी गर्दी ओसरल्यावर ताईसोबत पलीकडच्या वस्तीत गेलो. मला वाटलं होतं, ती बाळंतिणीकडे निघाली असेल. ती एका शेतकऱ्याच्या घरी गेली. ओसरीत बसली, पाणी प्यायली, पिकाची चौकशी केली आणि सहज विचारलं, “काका, रातच्याले झोप लागते काय?”

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कायची झोप लागते, माय.”

या प्रश्नामागे वऱ्हाडाची वीस-पंचवीस वर्षांची जखम आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशिम होता. २०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यातही वाशिम आहे. आशा घरी जाऊन ताणाची लक्षणं विचारते. झोप, भूक, कामातलं मन, जगण्याबद्दलचा नकोसेपणा. गरज दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पुढे जिल्हा रुग्णालयातलं मानसोपचार पथक. १०४ क्रमांकावर समुपदेशन मिळतं आणि २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांकही आहे. हे दोन क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेले असावेत असं मला मनापासून वाटतं.

गावातल्याच माणसाने विचारपूस केली तर फरक पडतो, याचा दाखला शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण त्या काळात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. माणसं डॉक्टरकडे जायला घाबरत नव्हती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, असा याचा अर्थ मी घेतो.

सोयाबीनला २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव होता आणि बाजारात त्याहून कमी दराने पोती विकली जात होती. ते दुखणं आशाताई बरं करू शकत नाही, आणि तिला ते माहीत आहे. पण ओसरीत बसून ती ऐकून घेते. त्या काकांच्या घरात दुसऱ्या खेपेला बायको आणि मुलगाही सोबत बसले होते, असं तिने नंतर सांगितलं. घरात ही गोष्ट बोलली जाऊ लागली, हेच पहिलं औषध.

दिवाळीच्या पुढेमागे अर्धा तांडा ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर निघून जातो. त्या दिवसांत ताईची धावपळ वाढते. ट्रक निघण्याआधी ती प्रत्येक गरोदर बाईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड देते. जिथे जाशील तिथे हे दाखव, लेकराचा डोस चुकवू नको. तरी डोस चुकतात, वजन घटतं, आणि परतल्यावर लाल पट्टीवर तीच लेकरं पुन्हा दिसतात. गावाला धरून आखलेली योजना गाव सोडून जाणाऱ्यांच्या मागे धावू शकत नाही. कारखान्यांच्या तळांवर अंगणवाडी आणि आशा नेमाने पोहोचली, तर इथल्या कष्टांचं चीज होईल.

आणि या आशांच्या कष्टांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातल्या आशांना जागतिक सन्मान दिला. पण मोबदल्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२३ आणि २०२४ मध्ये संपावर बसावं लागलं, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये पाच हजारांची वाढ झाली. आजही त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. कामाप्रमाणे पैसे, तेही उशिराने. पूर्वी एक वही होती, आता वह्या आणि मोबाइलमधले फॉर्म दोन्ही भरायचे. ताईचा निम्मा दिवस नोंदींत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

वाशिमला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या आणखी नऊ नव्या महाविद्यालयांसोबत त्याचं उद्घाटन झालं. हृदयविकाराच्या किंवा अपघाताच्या रुग्णाला अकोला-नागपूरची वाट धरावी लागते, ती वेळ यामुळे कमी होईल अशी आशा आहे. पण त्याहून मोठी संधी वेगळीच आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यावीत, असा आता अभ्यासक्रमातच नियम आहे. वाशिमच्या मुलामुलींनी ही कुटुंबं मानोऱ्याच्या तांड्यांत, मालेगाव-रिसोडच्या वस्त्यांत निवडावीत. आणि त्यांना तिथे घेऊन जाणारी, चुलीपाशी कसं बसायचं, झोपेबद्दल कसं विचारायचं हे शिकवणारी व्यक्ती आशाताई असावी. त्या शिकवण्याचं तिला मानधन मिळावं आणि तिचं नाव महाविद्यालयाच्या नोंदीत शिक्षक म्हणून लागावं. असं झालं, तर वाशिममधून बाहेर पडणारा डॉक्टर देशातल्या कुठल्याही खेड्यात बिचकणार नाही.