दोन हजार फुटांचे कुंपण

मेक्सिकोच्या आखातात, लुइझियानाच्या किनाऱ्यापासून दूर, तेल कंपन्यांना जो समुद्रतळ हवा असतो तिथेच जगातले काही सर्वांत दीर्घायुषी प्राणी राहतात. यात योगायोग नाही. तळाखाली सरकणाऱ्या मिठाच्या थरांनी खडकांना भेगा पाडल्या आहेत आणि त्यांतून तेल व मिथेन वर झिरपतात. भूगर्भतज्ज्ञाला असा झिरा म्हणजे खाली तेल असल्याची खूण. जीवाणूंना तोच शिधा.

१९८४ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी इथे जाळे ओढले. नैसर्गिक तेलगळतीने जीवसृष्टीचे काय होते, हे त्यांना पाहायचे होते. जाळ्यात ट्यूबवर्म नावाचे कृमी आणि शिंपले भरून आले. ट्यूबवर्मला तोंड नाही, आतडे नाही; शरीरात बाळगलेले जीवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या जोरावर त्याला पोसतात. 'लॅमेलिब्रॅकिया लुयमेसी' ही जात तर मागचे टोक मुळासारखे गाळात खुपसून सल्फाइड शोषते. दोन मीटर लांबीचा कृमी २०० वर्षांहून जुना असू शकतो. पेशवाई बुडाली तेव्हा तो रुजलेला होता म्हणायचा! अधिक खोलवरच्या 'एस्कार्पिया लॅमिनाटा'ची मजल ३०० वर्षांपलीकडे जाते.

तेलावर जगणाऱ्यांना तेलाचे कसले भय, असे कुणी विचारेल. पण झिरा थेंबाथेंबाने पुरवठा करतो. विहीर खणताना बाहेर पडणारा चिखल आणि दगडांचा चुरा तळावर साचतो, त्याखाली हे जीव गुदमरतात. नांगराची साखळी फरफटली तर शतकांची वाढ एका दुपारी मोडते.

अमेरिकी नियम हे ओळखतो. २००९ च्या सूचनेनुसार ३०० मीटरपेक्षा खोल पाण्यात चिखल सोडण्याची जागा अशा वस्तीपासून किमान २,००० फूट आणि नांगर २५० फूट दूर हवा. वस्ती कुठे असावी, हे ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणातून ठरते, आणि ते सर्वेक्षण सादर करते कंपनीच. रोजच्या कामापुरता हा नियम शहाणा आहे. अपघातापुढे मात्र तो तोकडा पडतो.

२० एप्रिल २०१० रोजी याच आखातात विहीर खणणाऱ्या 'डीपवॉटर होरायझन' या फलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि तेल ८७ दिवस वाहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विहिरीपासून ११ किलोमीटरवर तपकिरी गाळाने माखलेली पोवळी सापडली. आखातातली खोल पाण्यातली पोवळी बहुधा जुन्या झिऱ्यांवर सूक्ष्मजीवांनी घडवलेल्या चुनखडीवरच वाढतात. ११ किलोमीटर म्हणजे ३६,००० फूट. माझ्या मते, विहिरीभोवती अंतर मोजण्यापेक्षा झिऱ्यांचे अख्खे पट्टेच तेलक्षेत्रांच्या लिलावातून वगळायला हवेत.

आपल्याकडे ही संधी अजून आहे. समुद्राखालच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००६ च्या मोहिमेत मिथेन हायड्रेटचे, म्हणजे बर्फासारख्या रूपात अडकलेल्या मिथेनचे, जाड थर आढळले. २०१८ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना 'सिंधु साधना' जहाजावरून तिथेच जिवंत झिरा सापडला. हायड्रेटमधून वायू काढणे अजून सुरू झालेले नाही. तोवर झिऱ्यांचे नकाशे पुरे करून ते लिलावाच्या कागदांना जोडता येतील.