न्यायासनापुढील नकाशा

न्यायाधीशांना पुष्कळदा आपण कधीही न पाहिलेल्या जागेविषयी निकाल द्यावा लागतो. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी या गावी दोन शेजाऱ्यांत बांधावरून तंटा झाला, तर दावा अंबडच्या न्यायालयात जाईल. बांध मात्र गावातच राहील. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगणार, "बाभळीपासून विहिरीपर्यंत आमचंच." पण बाभूळ कोणती, आणि विहिरीचा काठ कोणता? या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी नकाशा काढावा लागतो. तो शाबीत होऊन त्यावर निशाणी क्रमांक पडला, म्हणजे पुराव्यात त्याची गणना होते.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने नकाशाला दस्तऐवज मानले, पण एक भेद राखला. सरकारी अधिकाराने तयार झालेला नकाशा बिनचूक आहे असे न्यायालय धरून चालते; कोणाला तसे वाटत नसेल तर त्याने ते दाखवून द्यावे. उलट, खटल्यासाठी म्हणून मुद्दाम काढलेल्या नकाशाचा बिनचूकपणा सिद्ध करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हा भेद कायम ठेवला आहे. कारण उघड आहे. वादासाठी काढलेल्या रेघेला वादीचा किंवा प्रतिवादीचा हात लागलेला असू शकतो.

ही रेघ किती महाग पडते ते पाहा. नकाशा १:१००० या प्रमाणाचा असला, तर कागदावरील अर्धा मिलिमीटर म्हणजे रानातील अर्धा मीटर. बांध शंभर मीटर लांब धरला, तर पेन्सिलीच्या नुसत्या जाडीत सुमारे अर्धा गुंठा जमीन बुडते! लहान नकाशा मोठा करून भिंतीवर टांगल्याने तो अधिक अचूक होत नाही. त्याची चूकही तेवढीच मोठी होते. म्हणून मोजणी कोणत्या खुणेपासून धरली, प्रमाण काय, उत्तर दिशा कोणती, मोजले कोणी आणि केव्हा, हे नकाशावरच लिहिलेले असावे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे न्यायालयाला जागेच्या पाहणीसाठी कमिशनर नेमता येतो, आणि त्याचीही साक्ष घेता येते.

नकाशावर काय लिहू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. वादाच्या पट्ट्यावर 'प्रतिवादीचे अतिक्रमण' असे लिहिणे म्हणजे निकाल आधीच लिहून टाकणे होय. तेथे 'अ-ब-क-ड' एवढेच पुरे. फौजदारी खटल्यात तर यावर माणसाचे आयुष्य अवलंबून असते. तोरी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, साक्षीदारांनी पोलिसांना सांगितलेल्या हकिकतीवरून तपास अधिकाऱ्याने आराखड्यावर केलेली खूण पुरावा म्हणून ग्राह्य नाही. अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेला रस्ता, ओटा, दिव्याचा खांब दाखवावा; पण 'मयत येथे उभा होता' हे त्याने पाहिलेले नसते. ते साक्षीदाराने न्यायालयात शपथेवर सांगायचे असते, आणि उलटतपासणीला तोंड द्यायचे असते.

तात्पर्य, नकाशा काढणाराने जे पाहिले आणि मोजले तेवढेच कागदावर उतरवावे. ऐकीव गोष्ट एकदा रेघेत शिरली की ती डोळ्यांना मोजलेल्या रेघेसारखीच दिसते, आणि मग रेघेला उलटतपासणी करता येत नाही.