सोनोग्राफीच्या खोलीत राहून गेलेली तपासणी

बुलढाणा जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटले की आधी गर्भ आठवतो, मग कायदा. कारणही तसेच आहे. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे इथे ९०८ मुली होत्या. २०११ला ८५५ उरल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ला केंद्राचा आला, २००३ला तो आणखी कडक झाला. यंत्राची नोंद आली, दारावर पाटी आली. ही करडी नजर हवीच होती, आजही हवी.

पण त्याच काळात या यंत्राचा एक वेगळा उपयोग, लाळग्रंथी पाहण्याचा, जगभर रुजत गेला, तो आपल्याकडे फारसा पोचला नाही. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली १९ बायकांचा अभ्यास मांडला. डोळे कोरडे, तोंड कोरडे, अनेकींना संधिवात. शोग्रेनच्या या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच लाळग्रंथींवर उलटते. त्या पाहायच्या तर नळीतून रंगद्रव्य सोडून एक्स-रे, नाहीतर ओठाच्या आतून तुकडा काढून तपासणी. १९९२ला इटलीच्या द विटा यांनी, २००५ला स्लोव्हेनियाच्या होचेवार यांनी सोनोग्राफीवरून गुण देण्याची पद्धत मांडली. या आजाराच्या २०१६च्या आंतरराष्ट्रीय निकषांत सोनोग्राफीला जागा मिळाली नाही. २०१९ला मात्र सोनोग्राफीत दिसणाऱ्या बदलांसाठी शून्य ते तीन अशी सुटसुटीत श्रेणी ठरली.

कानाखाली, जबड्याखाली जेल लावून प्रोब फिरवायचा. निरोगी ग्रंथी पडद्यावर एकसारखी, उजळ करडी दिसते. आजारात तिच्यात काळसर ठिपके उमटतात, वाढत जाऊन सगळी ग्रंथी व्यापतात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. एवढ्यावर निदान होत नाही. रक्तातली प्रतिपिंडे, डोळ्यांची तपासणी लागतेच. पण पुढे कोणाला पाठवायचे, हे कळते.

ज्वारीची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय घशाखाली उतरत नाही, असे सांगणारी बाई दातांसाठी एकीकडे, डोळ्यांसाठी दुसरीकडे, सांध्यांसाठी तिसरीकडे जाते. तिन्ही दुखणी एका कागदावर येतच नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६पासून भिगवणला घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तसे कोणी कोरड्या तोंडाबद्दलही विचारायला हवे.

२०२४ला बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. थायरॉईडसाठी वापरतात तोच प्रोब लाळग्रंथींसाठीही चालतो. नोंदणी झालेल्या खोलीत, प्रशिक्षित हातांनी, कायद्याला धक्का न लावता ही तपासणी होऊ शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी पाहा' एवढी ओळ हवी.